आधी नोंद, मग रंग: नव्या इमारतीतली गळती बिल्डरकडून कशी दुरुस्त करून घ्यावी

सेक्रेटरीपदाचा चार्ज घेतला त्या दिवशी मी आधीच्या कमिटीकडे गळतीची फाइल मागितली. फाइल नव्हतीच. पहिला ताबा मिळून पावणेतीन वर्षं झाली होती. बी विंगच्या पश्चिमेकडच्या १४ घरांत दर पावसाळ्यात ओल येत होती. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन पुट्टी आणि रंग मारून गेला होता. यातल्या एकाही गोष्टीची कागदावर ओळ नव्हती. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो होते, पण कोणता फोटो कुठल्या घराचा, कुठल्या भिंतीचा, हे टाकणाऱ्यालाही आता सांगता येत नव्हतं.

माझी नोकरी जिल्हा परिषदेत झाली. त्यातली ११ वर्षं मी आवक-जावक सांभाळली. कागद आला की क्रमांक, गेला की क्रमांक. आमच्या ६४ सदनिकांच्या सोसायटीचं प्रकरण पुढे उभं राहिलं ते याच सवयीवर. मी वकील नाही आणि इंजिनिअरही नाही. पुण्याच्या आसपास नव्या इमारतीत राहायला गेलेल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंत ओली झालेल्या माणसांनी काय करावं, हे मी स्वतः केलेल्या कामातून सांगते आहे.

सगळ्यात पहिलं: बिल्डरचा माणूस रंगाचा डबा घेऊन दारात आला तर त्याला लगेच आत घेऊ नका. आधी फोटो, माप, तारीख आणि त्याची सही. रंग मारून झाला की भिंत नवी दिसते, पुरावा जातो आणि पाणी आपल्या वाटेने येतच राहतं. आमच्याकडे दोनदा हेच झालं. साइट सुपरवायझर दर वेळी म्हणायचा, "मॅडम, एक पाऊस जाऊ द्या, भिंत सुकते." असे दोन पावसाळे गेले.

पाच वर्षं कुठून मोजायची

आपल्या हातातलं मुख्य हत्यार म्हणजे २०१६ चा रेरा कायदा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणारा यांच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर संपदा कायदा, त्यातलं कलम १४(३). ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या रचनेतला दोष, कारागिरीतला, साहित्याच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो एक पैसाही न घेता ३० दिवसांत दुरुस्त करायचा. केला नाही तर घर घेणाऱ्याला नुकसानभरपाई मागता येते. कायदा 'लक्षात आणून दिला तर' असं म्हणतो, म्हणून सगळा खेळ त्या आणून देण्याच्या तारखेवर असतो. सुपरवायझरला जिन्यात गाठून सांगितलेलं उद्या कुणी नाकारलं, तर आपल्याकडे दाखवायला काय आहे?

तारीख ताब्याची, भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरायला परवानगी देणाऱ्या दाखल्याची) नव्हे. तरी दोन्ही लिहून ठेवा. आमच्याकडे पहिल्या घराचा ताबा १९ ऑक्टोबर २०१९ चा होता आणि शेवटच्या घराचा फेब्रुवारी २०२१ चा. मग गच्ची, बाहेरच्या भिंती, पाण्याची टाकी यांची पाच वर्षं कुठून धरायची? आम्ही सगळ्यात जुनी तारीख धरली. वादाला जागाच ठेवायची नाही, हा हेतू. प्रत्येक घराच्या ताबापत्राची प्रत मागवून मी एक तक्ता केला: सदनिका, ताब्याची तारीख, पाच वर्षं पूर्ण होण्याची तारीख. हा तक्ता कार्यालयातल्या भिंतीवर लावला.

ज्यांनी घर पुनर्विक्रीत घेतलं, त्यांनी आपला यात हक्क नाही असं समजू नये. कायद्यातल्या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो, फक्त भाडेकरू येत नाही. पाच वर्षं मात्र पहिल्या ताब्यापासूनच मोजा. आपल्या खरेदीपासून मोजत बसलात तर मुदत हातची जाईल.

रेरा पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ ला. त्याआधीच पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतींना १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याचं कलम ७ आहे, त्यात मुदत तीन वर्षांची आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प रेराच्या नोंदणीतून सुटतात. त्यांनी ग्राहक आयोगाकडे पाहावं.

पहिलं पत्र

पहिलं पत्र वकिलाकडून पाठवायची गरज नाही. मराठीत, साध्या भाषेत, सोसायटीच्या लेटरहेडवर लिहा. फक्त त्यात राग नको, मापं हवीत. आमच्या १४ पत्रांपैकी एकाचा मुख्य भाग असा होता:

"विषय: रेरा कायदा, कलम १४(३) नुसार बांधकामातील दोषाची सूचना.
बी विंग, सदनिका क्र. ५०२. पश्चिमेच्या बेडरूममध्ये खिडकीच्या वरच्या बाजूस, बीम आणि भिंत जिथे मिळतात त्या रेषेत, ७ फूट लांबीची आडवी भेग आहे. तिच्याखाली ४ फूट रुंद व अडीच फूट उंच ओल आहे. ओल प्रथम जुलै २०२० मध्ये आढळली. नोव्हेंबर २०२० व डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडून आतून पुट्टी व रंग करण्यात आला. बाहेरून कोणतेही काम झाले नाही. जुलै २०२२ मध्ये त्याच जागी पुन्हा ओल आली आहे. कृपया मूळ कारण शोधून ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्ती करावी. पाहणीस येण्यापूर्वी दोन दिवस लेखी कळवावे. सोबत: फोटो ६, मापांचा नकाशा १."

'आतून' आणि 'बाहेरून' हे दोन शब्द मी मुद्दाम घातले. पुढे सुनावणीत बिल्डरच्या वकिलांनी "आम्ही दोनदा दुरुस्ती करून दिली आहे" असं सांगितलं, तेव्हा या दोन शब्दांनी आम्हाला वाचवलं. त्यांनी दुरुस्ती केली होती हे आम्ही आधीच लिहून बसलो होतो, आणि ती कसली होती हेही.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोचीचा पुरावा छापून पत्राला टाचा. करारनाम्यातला पत्ता आणि महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर असलेला पत्ता वेगवेगळे असतील तर दोन्हीकडे पाठवा. त्याच दिवशी ईमेलही करा. जावक वहीत क्रमांक टाका. फोनवर काही बोलणं झालं, तर त्याच संध्याकाळी ईमेल लिहा: "आज सकाळी अकरा वाजता आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार..." समोरून उत्तर आलं नाही तरी तो कागद आपला.

घराच्या आतल्या दोषाचं पत्र घरमालकाने द्यावं आणि सामाईक भागाचं सोसायटीने. आम्ही दोन्ही एकत्र पाठवली. सोसायटीच्या वतीने कोण सही करणार, खर्च कुठून करणार, याचा ठराव सर्वसाधारण सभेत आधीच करून घ्या. पुढे तक्रार दाखल करताना या ठरावाची प्रत लागतेच.

भिंत वाचायला शिका

सगळ्या भेगा सारख्या नसतात. प्लास्टरवरची कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी बहुतेक वेळा प्लास्टर आकसल्याची असते. बीमच्या खाली सरळ आडवी जाणारी भेग म्हणजे काँक्रीट आणि ब्लॉकची भिंत यांचा सांधा उघडा पडलाय. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी भेग असेल तर थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. कॉलम किंवा बीमच्या लांबीबरोबर उभी-आडवी भेग, त्यातून तपकिरी डाग, म्हणजे आतली सळई गंजते आहे. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा थर ढकलून फोडते. तिथे पत्रव्यवहार चालू असतानाच खाली टेकू लावून घ्या. लोंबणारं प्लास्टर पाडून टाका, फक्त आधी फोटो काढा, बिल्डरला कळवा आणि बिल जपून ठेवा.

भेग वाढते आहे की थांबली आहे हे कळायला महागडं यंत्र नको. ५०२ च्या वहिनींना मी एक पेन्सिल आणि मुलाच्या कंपासमधली पट्टी घ्यायला सांगितली. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. दर रविवारी सकाळी पट्टी भेगेला लावून, एकाच जागी उभं राहून फोटो काढायचा. त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. चार महिन्यांत त्या भिंतीवर पेन्सिलीच्या पाच तारखा एकापुढे एक झाल्या, शेवटची रेघ पहिलीपासून सव्वापाच इंचांवर. सुनावणीत तो फोटो सगळ्यांनी वाकून पाहिला.

ओल पावसाची की नळाची, हेही आधी ठरवा. मार्च-एप्रिलमध्ये भिंत पूर्ण कोरडी पडत असेल तर पाणी बाहेरून येतंय. भर उन्हाळ्यातही डाग ओला राहत असेल, तर वरच्या मजल्यावरचं बाथरूम किंवा डक्टमधली पाइपलाइन पाहा. बाथरूम तपासायचं तर नहाणी ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवा आणि खालच्या घराचं छत बघत राहा. इथे एक अडचण येते. वरच्या घरमालकाने स्वतः टाइल्स फोडून बाथरूम बदललं असेल, तर तो दोष बिल्डरच्या गळ्यात घालता येत नाही. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) घरातल्या संडास-बाथरूमची गळती त्या सभासदाने त्याच्या खर्चाने काढायची आणि पावसाची, बाहेरच्या सामाईक पाइपची व गच्चीची गळती सोसायटीने. आमच्याकडे अशी दोन घरं निघाली. त्यांना आम्ही स्पष्ट सांगितलं आणि यादीतून वगळलं. त्यामुळे उरलेल्या १४ घरांची यादी स्वच्छ राहिली.

आता मोबाइलमधल्या फोटोंबद्दल. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून मूळ फोटो मूळ फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत पुरावा म्हणून कच्ची असते, त्यातून काढल्याची तारीखही निघून जाते.

रबरी नळी घेऊन केलेली तपासणी

आमच्या प्रकरणात बाजू पलटली ती मार्च २०२३ मध्ये. त्याआधी आम्ही वॉटरप्रूफिंगच्या दोन ठेकेदारांना बोलावलं होतं. दोघांनीही अहवाल म्हणून दिलं ते कोटेशनच होतं. ही चूक तुम्ही करू नका. अहवाल परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या, ज्याला पुढचं काम मिळायचं नाही. त्यात क्रमाने तीन गोष्टी हव्यात: कारण काय, दुरुस्तीची पद्धत कोणती, खर्च किती. भिंतीनुसार, घरानुसार. नुसतं 'पाहणीत ओल आढळली' असं लिहिलेल्या चाळीस पानांचा उपयोग होत नाही.

आमचे इंजिनिअर आले ते दुपारी बारा वाजता, कोरड्या उन्हात. बिल्डरला पाच दिवस आधी लेखी कळवलं होतं, त्यांचेही इंजिनिअर हजर होते. पाचव्या मजल्याच्या भिंतीबाहेर झुल्यावर एक मुलगा नळी घेऊन चढला. आधी खिडकीच्या खालचा पट्टा, वीस मिनिटं पाणी. आत काही नाही. मग खिडकीची चौकट, वीस मिनिटं. काही नाही. मग बीमच्या सांध्याचा पट्टा. आम्ही सगळे आत भिंतीकडे बघत उभे. सतराव्या मिनिटाला भेगेच्या डाव्या टोकाला नाण्याएवढा गडद ठिपका उमटला. मग शेजारी दुसरा. अर्ध्या तासात जुलैत असते तशी ओल त्या भिंतीवर उतरली, भर मार्च महिन्यात.

मग बाहेरून त्या सांध्यावरचं प्लास्टर एक फूट बाय एक फूट फोडलं. काँक्रीट आणि ब्लॉक ही दोन वेगळी साहित्यं तापतात, थंडावतात ती वेगवेगळ्या प्रमाणात, म्हणून सांध्यावर प्लास्टरच्या आत कोंबडजाळी ठोकायची असते. तिथे जाळी नव्हती. आणखी तीन मजल्यांवर फोडून पाहिलं, तिथेही नव्हती. जागेवरच पंचनामा लिहिला: वेळ, पट्टा, मिनिटं, काय दिसलं. दोन्हीकडच्या इंजिनिअरांच्या आणि तीन रहिवाशांच्या सह्या घेतल्या. बिल्डरच्या इंजिनिअरनेही प्रामाणिकपणे सही केली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. कारणच ठरल्यावर पुढचा वाद फक्त पैशाचा आणि पद्धतीचा राहिला.

जिथे शंका काँक्रीटबद्दल असेल तिथे नळी पुरत नाही. तिथे रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक चाचणी, कोअर (काँक्रीटचा गोल तुकडा) काढून ताकद तपासणं आणि सळई गंजवणाऱ्या क्लोराइडची रासायनिक तपासणी लागते. गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये एका बहुमजली इमारतीच्या मजल्यामागून मजला कोसळून दोन महिला गेल्या. तिथे पुढे आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळलं. आपल्या मानकात, आयएस ४५६ मध्ये, सळईच्या काँक्रीटसाठी मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे. नव्या इमारतीत दोन-चार वर्षांतच सळया गंजू लागल्या, तर ही चाचणी करून घ्याच. खर्चाकडे पाहू नका.

समोरून काय काय येईल

पुण्याकडच्या करारनाम्यांत एक वाक्य हमखास सापडतं: तापमानात २० अंशांपेक्षा जास्त फरक पडल्याने भिंतींना पडलेल्या बारीक भेगा दोष मानल्या जाणार नाहीत. आम्हालाही तेच उत्तर आलं. त्यावर म्हणणं सरळ मांडा. भेग बारीक असेल, पण तिच्यातून पाणी आत येतंय, म्हणजे भिंत भिंतीचं काम करत नाही, आणि जाळी न घालणं हा हवामानाचा दोष नाही, कारागिरीचा आहे. कायद्याच्या कलम १४(३) मध्ये तापमानाची अट नाही, आणि कलम ८९ प्रमाणे इतरत्र विसंगत काही असलं तरी रेराच वर चालतो.

दुसरं उत्तर येतं की तुम्ही देखभाल केली नाही. यासाठी टाकी धुतल्याची, गच्चीवरचे रेनवॉटर पाइप मे महिन्यात साफ केल्याची बिलं ठेवा. तिसरं, लिफ्ट-पंप यांचा दोष कंपनीकडे मागा. ते यंत्राच्या वॉरंटीपुरतं ठीक आहे, बसवण्यातली चूक बिल्डरचीच. चौथं उत्तर गोड असतं: सगळं करून देतो, फक्त 'समाधानकारक काम झालं' या पत्रावर आत्ताच सही करा. काम होऊन एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत अशी सही करू नका. आमच्याकडचे तीन ज्येष्ठ काका भिडेखातर सही करून बसले होते. त्यांच्या घरांसाठी वेगळी पाहणी आणि वेगळी पत्रं करावी लागली.

कुठे जायचं

३० दिवस गेले आणि काही झालं नाही, तर महारेरा. तक्रार ऑनलाइन, कलम ३१ खाली, शुल्क ५,००० रुपये. दुरुस्ती करून द्या असा आदेश प्राधिकरणाकडे मागायचा. नुकसानभरपाई मात्र कलम ७१ खालच्या निर्णय अधिकाऱ्यापुढे मागावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ च्या निकालात ही वाटणी स्पष्ट केली आहे. आपल्याला नक्की काय हवं आहे हे आधी घरात बसून ठरवा. आम्हाला कोरड्या भिंती हव्या होत्या, म्हणून आम्ही दुरुस्ती मागितली आणि आतल्या रंगाचा, खराब झालेल्या कपाटांचा खर्च वेगळा लिहिला.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. रेरा आहे म्हणून तो बंद होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. मुदत दोन वर्षांची. तिथे सोसायटीच्या नावावर तक्रार चालते का, हा वाद समोरचे काढतात. त्यामुळे घरमालकांनी मिळून कलम ३५(१)(क) खाली एकत्र तक्रार करणं बरं. साधारणपणे मी असं सांगेन: सामाईक भागाचा दोष आणि काम करून हवं असेल तर महारेरा. एकट्या घराचं मोठं नुकसान आणि भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाऊ नका.

तक्रारीला जोडण्याची कागदपत्रं आम्ही एकाच पीडीएफमध्ये, प्रत्येक पानाला क्रमांक देऊन लावली: करारनामा, ताबापत्रं, भोगवटा प्रमाणपत्र, ठराव, पत्रं आणि पोच, पंचनामा, अहवाल, आणि शेवटी दोन पानांचा तारीखवार घटनाक्रम. या दोन पानांवर मी आठ दिवस घालवले. सुनावणी छोटी असते, अधिकाऱ्यांसमोर त्या दिवशी बरीच प्रकरणं असतात. घटनाक्रम नीट असला तर ते पाच मिनिटांत प्रकरणाच्या आत येतात.

आमची तक्रार जून २०२३ मध्ये दाखल झाली. दोन्ही बाजूंच्या संमतीने प्रकरण महारेराच्या सलोखा मंचाकडे गेलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये समझोता झाला. लोक म्हणाले, नमतं घेतलंत. मला तसं वाटत नाही. निकाल, मग अपील, मग उच्च न्यायालय, असं जायला माझी तयारी होती, पण तितके पावसाळे ५०२ च्या वहिनींनी का काढायचे?

समझोत्यात काय लिहून घ्यायचं

'गळती थांबवून देऊ' एवढ्यावर सही करू नका. कामाची पद्धत लिहून घ्या. आमच्या समझोत्यात होतं ते असं: पश्चिमेच्या सर्व बीम-सांध्यांवरचं प्लास्टर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच तोडायचं, सांधा कापून पॉलिमर मॉर्टरने भरायचा, त्यावर जाळी, मग दोन थरांत प्लास्टर, सात दिवस पाणी मारायचं, मग ताण सोसणारा बाहेरचा रंग. प्रत्येक मजल्यावर जाळी ठोकून झाली की प्लास्टर चढण्याआधी आमच्या इंजिनिअरची सही. ही एक अट नसती तर जाळी घातली की नाही हे पुन्हा कुणाला कळलं नसतं.

गच्चीच्या बाबतीत कोपऱ्यातला वाटा (भिंत आणि गच्ची जिथे मिळतात तिथला गोलसर भराव) नवा करणं, उतार तपासणं आणि कोबा झाल्यावर तीन दिवस पाणी साठवून ठेवणं हे लिहून घ्या. बाथरूमचं असेल तर टाइल्सच्या फटी नुसत्या भरून देण्याला मान्यता देऊ नका. ते वर्षभर टिकतं. खालचा भराव काढून, पाणी भरून तपासून, मग वॉटरप्रूफिंग आणि परत पाणी भरून तपासणी.

तारखा लिहा: कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार, उशीर झाला तर दिवसाला किती रक्कम. गॅरंटी सोसायटीच्या नावाने स्टॅम्पपेपरवर, ठेकेदाराची आणि बिल्डरची दोघांची. आम्ही पाच वर्षांची घेतली. काम पावसाळ्याबाहेर ठेवा, आणि परांची लावल्या दिवसापासून कुणीतरी रहिवासी रोज संध्याकाळी चक्कर मारून फोटो काढेल अशी पाळी लावा. आमच्याकडे सातव्या मजल्यावरचे निवृत्त फिटर काका हे करायचे. एका संध्याकाळी त्यांनीच आठव्या मजल्यावर जाळी न लावता प्लास्टर चढवलेलं पकडलं. दुसऱ्या दिवशी ते तोडून परत केलं गेलं.

आदेश किंवा समझोता पाळला नाही, तर त्याच प्राधिकरणाकडे अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. भरपाईची रक्कम कलम ४०(१) खाली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि पुढे तहसील कार्यालयात. वॉरंट निघालं म्हणजे काम संपलं असं धरू नका. बिल्डरच्या मालमत्तेचे तपशील, सातबारा, न विकलेल्या सदनिका, ही माहिती आपणच अर्जासोबत तहसीलदारांना द्या आणि आवक क्रमांक घेऊन या. आदेश न पाळल्याबद्दल कलम ६३ मध्ये दररोजचा दंड आहे, तोही मागता येतो. आदेश आपल्याविरुद्ध गेला, तर अपिलाला ६० दिवस असतात. बिल्डरला अपील करायचं झालं तर आपल्याला द्यायची रक्कम आधी भरावी लागते.

आमचं पश्चिमेचं काम मे २०२४ मध्ये संपलं, गच्चीचं जानेवारी २०२५ मध्ये. जुलै २०२५ च्या पावसात १२ घरं कोरडी राहिली, दोन घरांत खिडकीच्या कोपऱ्यात पुन्हा ओल आली. गॅरंटीचा हवाला देऊन त्याच दिवशी पत्र गेलं, जावक क्रमांक ११२. नवव्या दिवशी पाहणी झाली, चौकटीच्या बाहेरचं सीलंट निघालेलं सापडलं, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात झुला पुन्हा लागला. वहिनींच्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत. गॅरंटीची मुदत संपेपर्यंत त्या भिंतीला रंग द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं आहे.